अंगठ्यापर्यंत

अंगठ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मनगटाची रेघ, तिच्या कडेने वर चढणारा मांसल उंचवटा, अंगठ्याचा बाहेर झुकलेला बाक; पेन्सिल कुठे अडखळली म्हणून नाही. जेवणाच्या सुट्टीमुळे ड्रॉइंग ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. अर्धा खाल्लेला डबा बाजूला सारून तो कागदावर वाकला होता. पुढच्या बोटाशी आल्यावर पेन्सिल थांबली. हे बोट किती लांब? मधल्या बोटाच्या किती खाली? आणि अंगठीचं बोट याच्यापेक्षा उंच की बुटकं? त्याने डोळे मिटून पाहिलं. आता हा माणूस काही विसरभोळा नव्हता. पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात त्याची हयात ड्रॉइंगं काढण्यात गेली होती, आणि बंद पडलेल्या जुन्या पंपाचा कुठला बोल्ट केवढा, हे लोक त्याला जिन्यात अडवून विचारत. पण मिटलेल्या डोळ्यांपुढे बायकोचा हात येईना. म्हणजे हात येत होता, कप धरलेला, बिल पुढे करणारा, पिशवी उचलणारा. त्या हाताला बोटं होती, पण कशी ते दिसत नव्हतं. घराच्या किल्ल्या खिशात नाहीत हे दाराशी आल्यावर कळावं, तसं त्याला झालं. त्याने खोडरबर घेतलं, पण खोडायला अंगठ्याशिवाय काही नव्हतं. मग त्याने कागद दुमडून ठेवला आणि थंड झालेलं जेवण संपवलं.

या भानगडीचं मूळ डॉक्टर. डॉक्टर म्हणजे कारखान्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. बिघडलेल्या मशिनला हात लावण्याआधी तो शेजारी बसून सगळी हकिगत विचारून घेई, म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं. त्याच्या टेबलावर एक चमत्कारिक कीबोर्ड असे. मधोमध चिरून दोन तुकडे केल्यासारखा, एक तुकडा डाव्या हाताशी, दुसरा उजव्या हाताशी, आणि दोघांना जोडणारी एक वायर. हा तुटलाय का, असं त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टर खूश झाला होता. "तुटलेला नाही साहेब, स्वतः केलाय. बाजारातला कीबोर्ड कुणाच्याच हाताचा नसतो, म्हणून तर सगळ्यांना खपतो. आपली बोटं काय शाळेतली पोरं आहेत, एका रांगेत उभी राहायला? प्रत्येक बोटाला त्याची त्याची उभी रांग द्यायची. लांब बोटाची वर सरकवायची, करंगळीची खाली ओढायची. मग बोट जागचं हलत नाही, नुसतं वाकतं. मनगटाला त्रास कसला होतोय?" मनगट हा शब्द ऐकून त्याचे कान टवकारले. बायको सकाळी उठली की आधी हात झटके, बोटांना चिकटलेलं पाणी उडवावं तशी. तिचं काम घरूनच चाले: वेगवेगळ्या कंपन्यांच्या मीटिंगांचं रेकॉर्डिंग कानात ऐकायचं आणि शब्द न शब्द टाइप करायचा. दवाखान्यात दाखवून झालं होतं, तिथे मिळालेला पट्टा कपाटात पडला होता. 'जाऊ दे, चालायचंच,' असं ती म्हणे. त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं की हिच्यासाठी असा कीबोर्ड करायचा. पंपांची ड्रॉइंगं सगळ्यांसाठीच काढली, आता एक वस्तू अशी करायची जी जगात फक्त हिच्या हाताला बसेल. तो विचार मनात आला आणि त्याला एकदम हलकं वाटलं. कितीतरी वर्षांत तिला द्यावं असं त्याच्यापाशी काही नव्हतं.

घरी जाऊन 'हात दाखव गं' म्हटलं असतं की काम झालं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणीही म्हणेल. पण म्हणणाऱ्याने त्यांच्या घरात एक संध्याकाळ बसून बघावं. तिच्या कानांवर हेडफोन, कानात परक्या माणसांच्या मीटिंगा. हाक मारून उपयोग नाही म्हणून घरात खुणा तयार झाल्या होत्या. दाराकडे मान केली की मी निघालो. दिव्याचं बटण एकदा खालीवर केलं की जेवायला चल. दारात उभं राहून हात पुढे केला की रिकामा कप दे. ती स्क्रीनवरून नजर न काढता कप त्याच्या हातात ठेवी आणि तो स्वयंपाकघरात नेऊन सिंकमध्ये सोडी. सकाळी तो कामावर गेला की मावशी येत, भांडी-फरशी करून जात. त्या दिसतात कशा हे त्याला धड सांगता आलं नसतं. मुलगी शिकायला बाहेर गेली होती, तिचा फोन आला की दोघं आळीपाळीने तिच्याशी बोलत आणि एकमेकांना काय बोललो ते सांगत नसत. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. एके काळी हीच बाई कारखान्यात टायपिस्ट होती आणि लाकडी पार्टिशनच्या पलीकडून तिचा टाइपरायटर त्याला ओळखू येई. बाकीच्या मुली ओळ संपली की दम घेत. ही घेत नसे. नको असलेल्या याद्या तो तिच्याकडे टाइप करायला देई आणि पलीकडून आवाज सुरू होण्याची वाट बघत बसे. आता तिने त्याच्या हातात कप दिले होते, किल्ल्या दिल्या होत्या, गॅसची पावती दिली होती. हात दिल्याचं आठवत नव्हतं. अशा माणसाने एकाएकी जाऊन हात धरायचा, आणि तोही माप घ्यायला! नुसत्या कल्पनेनेच त्याला लाज वाटली.

मग त्याने चोरून माप काढायचं ठरवलं. जेवताना तो तिच्या हाताकडे बघू लागला. हात सारखा हलत असे, आणि हलत्या वस्तूचं ड्रॉइंग निघत नाही. "काय बघतोयस?" तिने दुसऱ्या दिवशी विचारलं. "काही नाही." "जेवणात केस आलाय का?" "छे गं." "मग असा बघू नकोस. घास उतरत नाही खाली." त्याने मान खाली घातली. गॅलरीच्या काचेवर एक दिवस त्याला पंजाचा ठसा सापडला, पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. बारीक मापं घ्यायचा ऑफिसातला व्हर्नियर खिशातून आणून त्याने प्रत्येक बोट मोजलं, आकडे हाताच्या तळव्यावर लिहून घेतले, आणि मग सहज म्हणून आपला हात त्या ठशावर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला. मोजलं होतं ते स्वतःलाच. कपाटातल्या डबीत तिची अंगठी होती, कधीची काढून ठेवलेली. तिच्यावरून एका बोटाची जाडी कळे, उंची कळत नसे. ती अंगठी तो करंगळीत घालून काही वेळ उभा राहिला आणि बाहेर पावलं वाजल्यावर घाईघाईने परत ठेवली. आपल्याच घरात आपण चोर झालो आहोत, असं त्याला वाटलं.

आणि मग हातमोजे दिसले. सिंकच्या नळावर पालथे टाकलेले पिवळे रबरी हातमोजे. इतके दिवस रोज कप ठेवताना ते तिथेच होते. वापरून वापरून कडक झालेले, बोटं फुगलेली, आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखे. एका बोटावर चीर गेली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं स्वतःशी म्हणत तो तसाच खाली जाऊन नवी जोडी घेऊन आला, ती नळावर टाकली आणि जुनी कागदात गुंडाळून बॅगेत घातली. कारखान्याच्या साचे विभागातल्या मिस्त्रीकडून त्याने थोडं प्लॅस्टर मागून घेतलं, चीर चिकटपट्टीने बंद केली, मोज्यांत प्लॅस्टर ओतलं आणि सुकल्यावर ब्लेडने रबर सोलून काढलं. आतून दोन पांढरे हात निघाले. रबर ताणलं जातं, त्याची जाडी असते, हे सगळं हिशेबात धरून त्याने मापं दुरुस्त केली. असल्या कामात तो चुकणारा नव्हता.

तळवा रुंद होता. करंगळी लांब, अंगठीच्या बोटाच्या वरच्या पेराला जाऊन भिडणारी. आणि अंगठीचं बोट अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटापेक्षा चांगलंच उंच. म्हणजे अशी आहे तर, तो मनात म्हणाला, आणि इतके दिवस कोरा राहिलेला तो हात आठवणींमध्ये भराभर भरू लागला. त्याला टायफॉइड झाला तेव्हा कपाळावर आलेला हात: रुंद, सबंध कपाळ झाकणारा, हो, असाच तर होता. मुलीची वेणी घालताना केस गच्च आवळणारी लांब करंगळी. मुलगी ओरडायची ते काही उगाच नाही. आणि टॅक्सीतला तो हात. मुलगी लहान असताना दोघं कुठल्याशा दवाखान्यात निघाले होते, कुणाची तरी तब्येत फार बिघडली होती, कुणाची ते आता आठवत नव्हतं, पण वाटभर तिने त्याचा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतून रक्त आलं. हाच हात, ही जाड पेरं. त्याने प्लॅस्टरचा उजवा हात टेबलाच्या खणात ठेवला होता. जेवणाच्या सुट्टीत तो खण उघडून त्यावर आपला हात ठेवी. प्लॅस्टर आधी गार लागे, मग हळूहळू कोमट होई. त्याला बायकोची फार आठवण येई. बायको घरी होती, संध्याकाळी तो तिच्याकडेच जाणार होता, पण सुट्टी संपली तरी त्याला खण बंद करवत नसे आणि घरी गेल्यावर पुन्हा काही होत नसे.

ड्रॉइंग निघालं तेव्हा ते त्याच्या सबंध नोकरीतलं सर्वांत सुंदर ड्रॉइंग होतं. बोटांच्या पाच उभ्या रांगा, पाचवी पहिल्या बोटाच्या आतल्या अंगाला, प्रत्येकीची उंची वेगळी; अंगठ्यासाठी कमानीत बसवलेली तीन बटणं; आणि दोन्ही तुकडे अंगठ्याकडून उचललेले, म्हणजे तळवे जमिनीकडे न वळता एकमेकांकडे किंचित बघतील. प्लेटा कापून आल्या. डॉक्टरने त्याला डाग द्यायला शिकवलं. बटणांच्या पोटाखालून तारा न्यायच्या, प्रत्येकाला एक डायोड, बारीक, वाटाण्याच्या आतल्या मोडाएवढा, काळ्या पट्टीचं टोक सगळ्यांचं एकाच बाजूला. पाठीमागून बघताना डावं ते उजवं होतं, त्यामुळे त्याने एकदा सबंध तुकडा उलटा जोडला आणि पुन्हा सोडवला. काम संपल्यावर दोघं ऑफिसात थांबत. धुराला कथलाचा वास असे. "बिनआवाजाची बटणं घ्या," डॉक्टरने सुचवलं, "घरातल्यांना त्रास नको." "आवाजाचीच दे," तो म्हणाला. तिच्या कानांवर हेडफोन असणार, तिला काय फरक पडतो? त्याला भिंतीपलीकडून आवाज हवा होता, पण हे डॉक्टरला कशाला सांगायचं? "मॅडमनी हात ठेवून बघितला का एकदा?" डॉक्टरने शेवटी विचारलं. "माप आहे ना माझ्याकडे." "माप वेगळं, हात वेगळा, साहेब." त्यावर तो नुसता हसला. तळव्याखाली ठेवायच्या लाकडी पट्ट्या त्याने घरी गॅलरीत बसून घासल्या, आणि कशाच्या आहेत असं तिने विचारलं नाही याचं त्याला त्या वेळी बरंच वाटलं.

रविवारी दुपारी त्याने तो तिच्या टेबलावर ठेवला. तिने हेडफोन काढून गळ्यात घेतले. "हे काय?" "तुझ्यासाठी केलाय." "तू केलास? तारा वगैरे?" "सगळं." तिने लाकडावरून बोट फिरवलं, दोन्ही तुकडे उचलून खालून पाहिले, आणि ती खरोखर हरखली, गालांवर एकदम ते पार्टिशनपलीकडचं वय आलं. मग खुर्ची पुढे ओढून तिने हात ठेवले. बोटं थोडी हलली, थांबली, पुन्हा हलली. करंगळी बटण शोधत हवेत राहिली.

"अरे, हा हात कुणाचा आहे?"

"तुझा."

"माझा? बघ ना, करंगळी पोचतच नाही. आणि हे बोट दोन बटणांच्या मधे पडतंय."

"असं होणार नाही," तो म्हणाला. "मापाने केलंय मी. नीट ठेव."

तिने पुन्हा ठेवला. हात छोटा होता, अरुंद, आणि त्याची बोटं जवळजवळ सारख्या उंचीची. तो हात त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि तरी क्षणभर त्याला वाटलं, ड्रॉइंग बरोबर आहे, हातच चुकलाय.

"कसलं माप?"

"हातमोज्यांचं."

"कुठल्या हातमोज्यांचं?"

"सिंकवरच्या. पिवळ्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग फस्सकन हसली. "अरे देवा! ते मावशींचे!" तिला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "तरीच! मावशी परवा म्हणत होत्या, ताई, नवे आणलेत ते बरं केलंत, पण बोटं आखूड आहेत हो!" तोही हसला. दोघं मिळून हसत होते, त्या खोलीत तसा आवाज फार दिवसांनी झाला होता, आणि सगळं इथेच थांबावं असं त्याला मनापासून वाटलं. पण हसू ओसरता ओसरता, मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं इतक्या सहज ती म्हणाली, "मला रबर कुठे चालतं? फुग्यांचं विसरलास?"

फुगे. मुलीचा पहिला वाढदिवस. ती एकामागून एक फुगे फुगवत होती आणि बघता बघता ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. मग टॅक्सी. दवाखान्यात कुणाला न्यायचं होतं हे त्याला आता आठवलं. "वाटभर तू म्हणत होतास, आलंच, आलंच," ती म्हणाली. त्याला घट्ट धरलेला हात आठवत होता, नखं आठवत होती, रक्तसुद्धा आठवत होतं; मरायला टेकलेलं माणूस तेवढं तो विसरला होता. "दे इकडे," तो म्हणाला. "मोडून पुन्हा करतो." "राहू दे रे. एवढं केलंयस." तिने हेडफोन कानांवर चढवले. "सवय होईल."

सवय होईल. या घरात आले तेव्हा स्वयंपाकघरातली फळी तिच्या हाताला पोचत नव्हती. तिने स्टूल आणलं आणि हेच म्हणाली. त्याच्या आजारपणात टायपिंगची नोकरी सुटली, मुलगी शिकायला बाहेर गेली, हे सगळं तिने त्याच दोन शब्दांत बसवलं होतं, आणि तो दर वेळी सुटलो म्हणून कामाला लागला होता. आता संध्याकाळी भिंतीपलीकडून टकटक येई, हवी होती तशी खणखणीत, आणि तिच्यात मधूनमधून एक फट पडे. करंगळीच्या रांगेतलं अक्षर आलं की फट. बोट किती लांबवावं लागतंय हे जगात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसात त्याने खण उघडणं बंद केलं. एका परक्या बाईचा हात आपण इतके दिवस धरून बसलो होतो याची लाज होतीच, पण त्याहून वाईट म्हणजे आठवणी एकेक करून परत कराव्या लागत होत्या. कपाळावरचा हात परत केला, वेणीतली करंगळी परत केली, आणि मावशींचा हात काढून घेतल्यावर त्या जागी दुसरा हात येत नव्हता. तापलेल्या कपाळावर कुणीतरी अंगठा तेवढा ठेवला होता. आपण या बाईबरोबर राहिलोच नाही की काय, अशी भीती त्याला वाटू लागली, आणि ती जाईना.

एका संध्याकाळी फट ऐकून तो उठला आणि तिच्या खोलीच्या दारात गेला. ती टाइप करत होती. मान थोडी डावीकडे कललेली, केसांत हेडफोनची पट्टी रुतलेली. त्याने हात पुढे केला. तिने स्क्रीनवरून नजर न काढता टेबलावरचा रिकामा कप उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

कप घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. नळावर नवे मोजे पालथे पडले होते, अजून कुणाच्याच आकाराचे न झालेले. तो कप त्याने सिंकमध्ये सोडला नाही. धुतला, पुसला, फळीवर ठेवला. पलीकडे टकटक, फट, टकटक. मग तो परत गेला, या वेळी दारात न थांबता तिच्या खुर्चीपाशी, आणि पुन्हा हात पुढे केला.

"दिला ना कप?" ती म्हणाली.

त्याने वाकून तिच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. असं त्याने कधीच केलं नव्हतं. ती दचकली.

"कप नाही," तो म्हणाला. "हात."

टकटक थांबली. ती त्याच्याकडे बघत होती, आणि खाली सरकलेल्या हेडफोनमधून कुणाची तरी मीटिंग बारीक आवाजात चालूच होती. मग तिने उजवा तळवा कपड्यांना पुसला आणि त्याच्यासमोर टेबलावर पालथा ठेवला, बोटं फाकवून. "मोज," ती म्हणाली. व्हर्नियर ऑफिसात होता. कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. तो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. अंगठा त्याला येत होता. त्याच्या पुढचं बोट त्याने हळूच धरलं.